शकुआत्या आणि आबांचा ऑइलपेंट

कुणाच्याही घरी गेली की शकुआत्या पाण्याच्या पेल्याआधी भिंतीला हात लावायची. आत्या आता नाही, पण ही खोड सांगितल्याशिवाय ती कशी होती ते तुम्हाला कळायचंच नाही.

भडगावला तिच्या घरात रंगाऱ्याने जुना ऑइलपेंट न घासताच त्यावर प्लास्टिक पेंट मारला आणि तो वर्षभरात पापडासारखा सुटला. तेव्हापासून हा नाद. आधी ओलं बोट फिरवायची. "बोट पांढरं व्हयनं ते डिस्टेंपर." नाही झालं, तर पर्समधलं सॅनिटायझर रुमालावर घेऊन घासायची. "रुमालले रंग लागना ते प्लास्टिक, नही लागना ते ऑइलपेंट." डॉक्टरांच्या दवाखान्याची भिंतसुद्धा तिने सोडली नव्हती!

माझं चाळीसगावचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मुलगा मला आवडला होता, अगदी मनापासून. त्यांचं घर पाहायला निघताना मी आत्याला विनवलं, "आज भिंतीला हात लावू नकोस गं."

"नही लावस," ती म्हणाली.

आणि तिथे मुलाचे वडील, आबा, अभिमानाने सांगू लागले, "हॉलले खास ऑइलपेंट शे!" झालं! आत्याचा चेहरा असा उजळला की मी मनातल्या मनात देवाचा धावा सुरू केला. सॅनिटायझर निघालं, भिंत घासली, रुमाल पिवळाधमक!

"आबा, हाऊ प्लास्टिक शे."

माझे वडील पंख्याकडे पाहू लागले. आबांनी रुमाल निरखला, उठून स्वतः भिंत घासली आणि खो खो हसत सुटले. "रंगारीनी फसाडं माले! अक्का, सैपाकघर बी दखी ल्या!" मग काय, आत्या पुढे, आबा मागे, अख्खं घर भिंती घासत फिरलं. देवघरात डिस्टेंपर निघाला तेव्हा माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी आत्याला टाळीच दिली. त्याच गडबडीत सुपारी फुटली.

परतताना एसटीत मी तिच्यावर उखडले. "माझं लग्न मोडलं असतं, आत्या!"

"मोडतं ते मोडू देती," ती शांतपणे म्हणाली. "ज्या लोके चूक दखाडी का चिडतस, त्यासना घरमा तुले कशी धाडती मी?"

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं, ते भडगावच्या अलीकडचं कजगाव आलं तरी उचललं नाही.