उभ्या गाडीतली न्हाणी

वर्नानं अर्धं आयुष्य मोटेलमध्ये दुसऱ्यांची न्हाणीघरं घासली आणि म्हातारपणी स्वतःची न्हाणी बांधायला घेतली, तीही चाकांवर. नवरा गेला, घर गेलं, उरली ती त्याची जुनी पत्र्याची ट्रेलर, ट्रकमागे ओढायची घरगाडी. अ‍ॅरिझोनाच्या ट्रेलर-तळावर उभी करून बाईनं ती आतून नवी करायला काढली.

हौस म्हणून नव्हे हो. ऑरेगॉनचा जावई डॅरिल फोनवर स्पष्ट बोलला होता, "वर्ना, अंगणात गाडी लावा, खुशाल राहा. पण आमच्या बाथरूममध्ये यायचं नाही, आणि माझ्या अंगणातल्या फरशीवर एक थेंब सांडता कामा नये." लेक जनेल मागेच उभी असणार; भांडी विसळल्याचा आवाज तेवढा आला. तरी वर्ना खूश! आईची जातच ती, तिला लाज कुठली.

मोटेलच्या मिस्त्र्यांना तिनं ढिगानं पाहिलं होतं. जलरोधक लेप दोनदा फासला, टाइल्स लावल्या आणि कोपऱ्यांत पांढरं सिमेंट असं ठासलं, की नख शिरणार नाही.

शेजारचा लाईल खुर्चीत बिअर पीत हे बघत होता. जुन्या गाड्या दुरुस्त करण्यात त्याचा हातखंडा. मोटेलची भिंत हलत नाही, गाडीची हलते. कोपऱ्यात रबरासारखं ताणणारं सिलिकॉनच हवं, हे त्याला पक्कं ठाऊक. तळावरची रीतही होती: न्हाणी झाली की गाडी खडबडीत रस्त्यानं फिरवून आणायची, मगच मोरीला बोळा कोंबून पाणी भरून बघायचं. पण त्यानं नाचाला बोलावलं तेव्हा वर्ना चारचौघांत त्याला हसली होती.

"लाईल, बघ रे जरा. काही राहिलंय का?"

त्यानं टाइलवर टिचकी मारली. "झकास! अगं, बदकं पाळशील यात."

तिनं उभ्या गाडीतच पाणी भरलं. दुसऱ्या दिवशीही खाली थेंब नाही. आनंदानं तिनं लाईलला पीच भरलेला गोड 'पाय' भाजून दिला, आणि मेल्यानं तो चाटूनपुसून खाल्ला.

ट्रकमागे गाडी जोडून, डोंगर ओलांडून ती लेकीच्या दारी पोचली. डॅरिल बागेची नळी घेऊनच उभा. "आधी न्हाणी दाखवा." मोरी बुजवून त्यानं पाणी सोडलं आणि गाडीखाली वाकला. फार वाट बघावी लागली नाही, चाकामागून धारच लागली. कोपऱ्यातलं सिमेंट वरपासून खालपर्यंत तडकलं होतं.

"मी करते रे दुरुस्त, चार दिवस दे."

"एक थेंबही नको म्हणालो होतो, वर्ना."

तिनं लाईलला फोन लावला.

"उभी ठेवूनच बघितलीस ना?" तो हसला. "उभी गाडी कधी गळते का गं?"

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या तळाला माहीत होतं."

जनेल बाहेर आली. हातात फॉइल लावलेलं कागदी ताट. "मॉम, वाटेत खा. आणि उजाडताच निघ, त्याचं डोकं फिरायच्या आत."

"जनेल, निदान एकदा आंघोळ तरी..."

जनेलनं दाराकडे पाहिलं. "ट्रकवाल्यांच्या थांब्यावर मिळते की. स्वच्छ असते म्हणे."

दार लागलं, आतून कडीही लागली. वर्ना गाडीतून फडकं घेऊन आली, गुडघ्यांवर बसली आणि जावयाची फरशी पुसू लागली.