दिलीपची घडवंची

रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी गवत कापायचं मशीन नुकतंच अंगणात काढलं होतं. पलीकडे माझ्या मित्राची बायको, सुनंदावहिनी. "भाऊजी, या. दिलीप गेला..." आणि मग, "गाडी सावकाश चालवा." रात्री झोपेतच त्याचं हृदय बंद पडलं होतं. दोघांची घरं इथे परदेशात एकाच गावात, पार्सिपनीत, मधे जेमतेम दोन सिग्नल. तेवढ्या रस्त्यात माझ्या डोक्यात त्याचं एकच वाक्य घोळत राहिलं, "हात नको लावू बे, मुरू दे." आदल्याच शनिवारी आम्ही दोघांनी त्याच्या गॅरेजमध्ये घरच्या बिअरच्या बाटल्या भरल्या होत्या, आणि मी एक उचलून उजेडात धरली म्हणून तो माझ्यावर खेकसला होता. बाटलीत भरलेली बिअर काही आठवडे मुरू द्यावी लागते. लोणच्याच्या बाबतीत जो धीर धरता तो इथे काऊन नाही धरत तुम्ही पुणेकर, असा त्याचा सवाल होता. माणूस निघून गेला आणि त्याच्या हातची बिअर अजून मुरायचीच होती... तेव्हा मला याचा फार राग आला होता. आता जरा गंमतही वाटते. तोही हसलाच असता.

दिलीप नागपूरचा मेकॅनिकल इंजिनिअर. प्रेम लोखंडावर आणि संसार सॉफ्टवेअरशी, अशी आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांची गत झाली, तशी त्याचीही. इथे तो एका बँकेचे प्रोग्रॅम सांभाळायचा. "दिवसभर राबतो, पण संध्याकाळी हात लावून पाहायला काही नसते बे," ही त्याची कायमची तक्रार. त्यावर उतारा म्हणून त्यानं बिअर करायला घेतली. पिण्याचा शौक बेताचाच, करण्याचा दांडगा. मोड आणून वाळवलेले जवाचे दाणे गरम पाण्यात भिजवायचे, त्यांचं गोड पाणी गाळून घ्यायचं, ते हॉप्सची कडू फुलं टाकून खळाखळा उकळायचं, निवलं की यीस्ट घालून आंबवायचं. "इडलीच्या पिठासारखंच आहे," असं तो वहिनींना पटवायचा. वहिनींचं म्हणणं एवढंच की इडलीच्या पिठाला घरभर असा वास येत नाही.

हे सगळं सुरुवातीला स्वयंपाकघरात चालायचं. एका शनिवारी उकळतं भांडं शेगडीवरून सिंककडे नेताना दिलीपचा पाय पायपुसण्यावरून सटकला. भांडं कलंडलं, चिकट कढत पाणी जमिनीभर झालं. कुणालाही भाजलं नाही ते नशीब. वहिनी ओरडल्या नाहीत, आणि तेच जास्त भीतीदायक होतं. त्यांच्या लहानपणी आंघोळीचं कढत पाणी उचलून नेताना त्यांच्या आईच्या दोन्ही पायांवर सांडलं होतं. ते पाय बघत त्या मोठ्या झाल्या. जमीन पुसून झाल्यावर शांतपणे म्हणाल्या, "या घरात उकळतं भांडं कुणी उचलायचं नाही. उचलावंच लागणार असेल तर हे सगळं आजपासून बंद."

दिलीपनं दुसऱ्याच दिवशी मला कागद दाखवला. तीन पायऱ्यांचा स्टँड. वरच्या पायरीवर गरम पाण्याचं भांडं, मधल्या पायरीवर धान्याचं, खालच्या पायरीवर उकळायचं. प्रत्येकाला तोटी. पाणी वरून खाली आपल्या वजनानं उतरणार, कुणी काही उचलायला नको. वहिनींनी चित्राकडे एक नजर टाकली. "ही तर घडवंची आहे! आमच्याकडे पाण्याच्या घागरी ठेवायला असायची तशी." त्या दिवसापासून तिचं नाव घडवंचीच पडलं. मग त्यांनी परीक्षेची अट सांगितली. वरचं भांडं काठोकाठ भरायचं आणि स्टँडला धक्का स्वतः वहिनी देणार. थेंबभर पाणी सांडलं तरी नापास.

पहिली घडवंची लाकडाची. नागपूरच्या कॉलेजात शिकल्याप्रमाणे दिलीपनं सगळी मापं मिलिमीटरमध्ये काढली, इंचात बदलली, दुकानात जाऊन 'टू बाय फोर' नावाच्या फळ्या आणल्या आणि बरोबर दोन इंच बाय चार इंचाच्या खाचा पाडल्या. फळ्या खाचांत बसवायला गेलो तर सगळ्या खुळखुळायला लागल्या. टेप लावली तेव्हा कळलं की इथली दोन बाय चारची फळी रंधून झाल्यावर प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन भरते, आणि हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असल्यामुळे कुणी कुणाला सांगत नाही! "काय देश आहे बे, नावाचं माप वेगळं आन् फळीचं वेगळं!" दिलीप गॅरेजभर नाचत होता. वहिनी म्हणाल्या, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा." सांध्यांत पाचरा ठोकून त्यानं परीक्षेचा हट्ट धरलाच. वहिनींनी एक बोट लावलं. घडवंचीनं लवून नमस्कार केला आणि पाणी दिलीपच्या चपलांत गेलं.

तसंही खाली गॅसची शेगडी आणि वर लाकूड, हे काही शहाणपणाचं नव्हतं. आता लोखंड हवं, असं ठरलं. आमच्या भागात लोक नको असलेलं जड सामान ठरावीक दिवशी रस्त्याच्या कडेला आणून ठेवतात. त्यात पलंगांच्या चौकटी निघतात, चांगल्या जाड अँगलच्या. दिलीपला त्या दिसल्या आणि त्याचे डोळे चकाकले. "अबे पुणेकर, रेल्वेच्या रुळासारखं पोलाद आहे हे, आन् लोकं फेकून देऊन राहिले!" एका सकाळी आम्ही दोघं असे तीन पलंग व्हॅनमध्ये कोंबत असताना देशमुख काकूंची गाडी बाजूनं गेली. काकू म्हणजे मराठी मंडळाच्या आधारस्तंभ, मुलांचा संस्कारवर्गही त्याच घ्यायच्या. गाडी जरा थबकली, मग पुढे गेली.

ते दिवस भराभर नोकऱ्या जाण्याचे होते. संध्याकाळी काकू दिलीपच्या दारात डबा घेऊन हजर. पोळ्या, भरली वांगी, वाटलेली डाळ. "दिलीप, लाजायचं नाही. अरे, कचऱ्यातले पलंग कशाला उचलतोस? माझ्याकडे गेस्ट रूमचा बेड पडून आहे, मॅट्रेससकट घेऊन जा. आणि रेझ्युमे पाठव, माझ्या भाच्याच्या कंपनीत ओपनिंग आहे." दिलीपनं मागे वळून वहिनींकडे पाहिलं. खरं सांगायचं तर बिअर सांगावी लागणार, आणि त्यांची मुलगी रुचा काकूंच्या संस्कारवर्गात जात होती! बेकार की दारू गाळणारा, यातलं एक निवडायचं होतं. दिलीपनं खाली मान घालून डबा घेतला. "थँक यू काकू, होऊन जाईल काही ना काही." पुढे आठवडाभर डबे येत राहिले आणि तो मनापासून जेवत राहिला. वहिनींनी त्याच्याशी बोलणं टाकलं, पण वांगी त्यांनाही आवडली होती.

ते पोलाद भलतंच कडक निघालं. भोकं पाडताना ड्रिलची पाती कटाकट मोडायची, दिलीप शिव्या द्यायचा आणि पुन्हा बसायचा. इतक्या आनंदात मी त्याला एरवी कधी पाहिलं नाही. शेवटी नटबोल्ट आवळून घडवंची उभी राहिली. वहिनी आल्या. आधी बोट लावलं, मग तळवा, मग पदर खोचून खांदा लावला. पाण्यावर साधी लहर उठली, थेंब सांडला नाही. वहिनी म्हणाल्या, "ठीक आहे. या वेळी करा. पुढचं पुढच्या वेळी बघू."

झालं, तो रिवाजच पडला. पुढची सहा वर्षं, दर वेळी शेगडी पेटवण्याआधी वहिनींनी गॅरेजमध्ये यायचं, तळव्यानं एक धक्का द्यायचा आणि "बघू पुढच्या वेळी" म्हणून आत जायचं. 'पास' हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. "अख्ख्या युनिव्हर्सिटीत माझाच रिझल्ट राखून ठेवला आहे," असं दिलीप येईल त्याला सांगायचा. काकूंनाही यथावकाश सगळं कळलं. दोन दिवस त्या फणफणल्या आणि तिसऱ्या दिवशी फोन करून म्हणाल्या, "एवढी मोठी शेगडी आहे तर कोजागरीचं दूध त्यावर का नाही आटवत?" तेव्हापासून मंडळाचं मसाला दूध घडवंचीवर, अर्थात वेगळ्या भांड्यात. काकू स्वतः भांडं हुंगून खात्री करून घेत.

मागच्या आठवड्यात वहिनींनी मला बोलावलं. थंडी येतेय, गाडी गॅरेजमध्ये घ्यायची, घडवंची सुटी करून द्याल का? मी पाना घेऊन गेलो. "आधी त्या बाटल्यांचं बघा," त्या म्हणाल्या, "मुरल्या असतील आता." मी एक उघडली, मस्त फसफसली. आयुष्यात बिअरला तोंड न लावलेल्या वहिनींनी पेल्यातून एक घोट घेतला. "ई, कडू आहे. यासाठी एवढा आटापिटा?" आणि त्या इतक्या दिवसांनी खळखळून हसल्या. मीही हसलो. मग मी पाना उचलून खाली वाकलो.

"थांबा भाऊजी." त्यांनी अंगणातला होज आत ओढून आणला आणि वरचं भांडं काठोकाठ भरलं. पदर खोचला, दोन्ही तळवे टेकवले आणि सगळा जोर लावून ढकललं. पाणी काठापर्यंत थरथरलं... आणि तिथेच थांबलं. वहिनी तशाच हात टेकवून उभ्या राहिल्या.

"पास झालास रे," त्या म्हणाल्या.

मी पाना खिशात टाकला. वहिनींची गाडी अजून बाहेरच उभी असते.