वंशावळीत नसलेली आत्या

आमच्या जिल्ह्यावर नवं पुस्तक आलं की मी ते विकत घेते आणि चोर पकडायला बसल्यासारखी वाचते. पनवेल-उरणच्या आमच्या लोकांवर लिहिणारे बहुतेक बाहेरचे. त्यांच्या लेखी आम्ही सगळे भोळे, हौशी आणि मासळीवर जीव टाकणारे. चिरनेरचा जंगल सत्याग्रह एका परिच्छेदात उरकतात आणि हळदीतल्या नाचाचे फोटो पानंच्या पानं छापतात. म्हणून मी प्रस्तावनेच्या वाटेला जात नाही. आधी आपलं गाव शोधते, त्यात काय लिहिलंय ते तपासते, मग बाकीच्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवते.

गेल्या महिन्यात पनवेलच्या पुस्तक प्रदर्शनात असंच एक जाडजूड पुस्तक हाती लागलं. त्यात आमच्या गावावर एक प्रकरण होतं आणि त्या प्रकरणात चक्क आमचं घर. मिठागरात राबलेलं जुनं कुटुंब म्हणून आमची वंशावळ छापलेली. आजोबांच्या नावाखाली एकच नाव, माझ्या वडिलांचं. त्यांच्याखाली दादा आणि मी. वडिलांची सख्खी बहीण, माझी आत्या, कुठेच नव्हती.

पान उलटलं तर आत्याचं गाणं! आत्या धवलारीण आहे. आमच्याकडे भटजी मंत्र म्हणो न म्हणो, धवलारणीने बसून धवले गायल्याशिवाय लग्न लागलं असं कुणाला वाटत नाही. तिचा हळदीचा धवला शब्द न् शब्द छापला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘शेजारच्या एका वृद्धेकडून’.

माझं डोकंच फिरलं. हा लेखक गावी आला होता तेव्हा मी तिथे नव्हते, पण नकाशा घेऊन फिरणारा कुणी गाणी गोळा करतोय हे ऐकलं, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. पुस्तकात नंबर होता, तो लावला. म्हटलं, “आमच्या घरी जेवून गेलात आणि आमच्याच बाईला परकं करून टाकलंत?”

त्याने मला बोलू दिलं. मी दमल्यावर म्हणाला, “ताई, मला सांगितलं तेच लिहिलं. रेकॉर्डिंग आहे, पाठवू?”

इतकं गोड बोलणाऱ्याचा मला जास्तच संशय येतो. म्हटलं, पाठवाच.

रेकॉर्डिंगमध्ये तो विचारतो, “आजोबांना मुलं किती?” मग दादाचा आवाज. “एकच. आमचा बा.” “आणि या गाणाऱ्या आजी?” पुन्हा दादा. “ती आमची कोन नाय. शेजारची हाय.”

मी ते पुन्हा लावून ऐकलं. आवाज दादाचाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाव गाठलं. दादा ओटीवर पेपर वाचत बसला होता. पुस्तक त्याच्या पुढ्यात टाकलं तरी त्याने मान वर केली नाही. म्हणाला, “मना वाटला त्यो एजंट हाय. पुस्तक लिवतो म्हनून कोनी बी सांगतो.”

त्याचं अगदीच चूक नव्हतं. विमानतळ आला तसे जमिनीचे दलाल आमच्याकडे पहिला प्रश्न हाच विचारतात, आजाला मुलं किती. कुणाच्या बहिणीने वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडीवर अजून सही दिलेली नाही ते हेरायचं, तिला गाठायचं आणि भावाविरुद्ध कोर्टात उभं करायचं. अशी मोडलेली घरं मी पाहिली आहेत. आणि आत्याने सही दिलेली नव्हती. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पिणारच, असं म्हणून मी सोडूनही दिलं असतं.

“बरं, आता लेखकाला सांगून दुरुस्त करून घे,” मी म्हटलं.

“कशाला? छापून आलं तेच बरं. उद्या कोनी इचारलं तं आज्याला एकच पोर म्हनून दाखवाया होईल.”

तेव्हा मला कळलं, पाणी कुठे मुरतंय ते. आणि मी स्वतः वंशावळीत का आहे तेही कळलं. लग्नानंतर दादाने पुढे केलेल्या हक्कसोडीच्या कागदावर मी सही करून मोकळी झाले होते. म्हणून मी अजून या घरची मुलगी होते. मला दादाची इतकी किळस आली की त्याच्याकडचं पाणीही न पिता निघाले.

आत्याला पुस्तकाची बातमी लागायची ती लागलीच. तिचा नातू न्हावा शेव्याला कामाला आहे, त्याने मोबाइलवर ते पान पाहिलं. उरणच्या तिच्या सासरहून रिक्षा करून ती माझ्या पनवेलच्या घरी आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. “बाय, माजं गानं छापलंय म्हनतान. वाच.”

तिला वाचता येत नाही. मी धवला वाचला. ती डोळे मिटून, ओठ हलवत ऐकत होती. शेवटी आलं ते ‘शेजारच्या वृद्धेकडून’. मी ते गिळलं आणि तिथे तिचं नाव वाचलं, माझ्या आजोबांची मुलगी म्हणून.

आत्याने डोळे उघडले. “खोटं नको वाचू. तुजा दादा बोलला तवा मी म्हायेरला आलते, आतच व्हते, चाय गालत.”

“आणि तरी तू गायलीस?”

“गानं माज्या आयशीचं. त्याचा काय गुन्हा?” तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि मिटलं. “कागद एकदा जरी म्होरं ठेवला असता ना त्यानं, मी तितंच अंगठा दिला असता. भावाचं पोर हाय तो. मागितलाच नाय कदी.”

चहा ठेवते म्हटलं, तर ती नको म्हणाली आणि पुस्तक पिशवीत घालून उठली. दारात चपला घालताना म्हणाली, “आता आला मागाया, तं सांग त्याला. शेजारनीचा अंगठा कागदावर चालत नाय.”