मूठभर तांदूळ आणि तेच दार

आमची इमारत व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. गलिच्छ वस्त्या पाडून कामगारांसाठी घरं बांधायची, असे कायदे तेव्हा झाले आणि लंडनच्या या भागात लाल विटांच्या इमारती उभ्या राहिल्या. वर्षातून एकदा बाहेरच्यांना इमारत दाखवायचं काम माझ्याकडे असतं. आधी अंगण, मग जिना, मग धुणीघर. कायद्यातली मेख शेवटी. ज्यांच्या खोल्या पाडल्या, त्यांतल्या फार थोड्यांना नव्या घरांचं भाडं झेपलं. बाकीचे जवळच्याच तसल्या गल्ल्यांत गेले.

त्यामुळे तळमजल्यावरच्या काकूंना दुरुस्तीसाठी तात्पुरतं हलवायचं कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, ठरवलं, तेव्हा मी लगेच कंबर कसली. काकू एकट्या. काका याच घरात वारले. "परत इथेच येईन ना गं?" एवढंच त्या विचारायच्या.

सामान मी बांधलं. प्रत्येक खोलीच्या खोक्यांना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी. दुपारी घर चकाचक झालं. काकूंनी स्वयंपाकघरात डोकावून कपाळाला हात लावला.

"अगं, तांदूळसुद्धा नेलेस? परत यायचंय ना मला? असं अगदी रिकामं घर सोडतात का?"

"अहो काकू, काही ठेवू नका म्हणालेत."

"म्हणू देत! तू कुणाच्या बाजूची?"

मी खोकं उघडलं. मूठभर तांदूळ छोट्या डब्यात भरून फळीवर ठेवले.

किल्ली घ्यायला कौन्सिलची बाई आली. "हा डबा राहिलाय."

"राहणारच आहे," मी म्हणाले. "त्या परत येणार आहेत."

"हो, इथे किंवा जवळपास."

मग मी तिला अंगण, जिना सगळं वगळून थेट शेवटचा भाग ऐकवला. "जवळपास म्हणजे कुठे, हे या इमारतीनं एकदा पाहिलंय. तुम्ही 'याच घरात' असं लिहून द्या."

तिनं फोन केला, बराच वेळ बोलली, आणि लिहून सही केली. काकूंनी ते माझ्याकडून मराठीत वदवून घेतलं, मगच किल्ली सोडली.

बऱ्याच महिन्यांनी काकू त्याच घरात परतल्या तेव्हा भिंती नव्या होत्या, खिडक्या नव्या होत्या, आणि डबा कामगारांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फळीवरच ठेवला होता. काकूंनी तांदूळ निवडले, धुतले. जुने झालेले तांदूळ, भात छान मोकळा झाला.