सानिकाचं टार्गेट आणि जगताप बाई

जगताप बाई गेल्या, आणि सकाळपासून मी त्यांचं ओरडणं आठवून हसतेय.

रडलेही. पण हसणं जास्त झालं.

आम्ही लातूरहून कुरुळीला आलो तेव्हा माझी सानिका दुसरीत होती, जगताप बाईंच्या वर्गात. वर्गात तोंड उघडायची नाही. पाढे विचारले की खिडकीबाहेर बघत बसायची.

आमचे हे चाकणला कंपनीत, लाइनवर. त्यांनी घरी भिंतीवर बोर्डच लावला. डेली टार्गेट! रोज एक पाढा, रोज एक चॉकलेट. राहिला तर रविवारी ओव्हरटाइम.

पोरगी ह्यांच्या वरताण. रोज दोनचाच पाढा म्हणायची आणि चॉकलेट घ्यायची. शिफ्ट करून दमलेल्या बापाला पत्ताच नाही.

हे उघड झालं तेव्हा ठरलं, इथं ही काही शिकायची नाही, हिला लातूरला आजीकडे ठेवायचं. मी बॅग भरली. रडत रडत भरली. मग दोघं दाखला मागायला शाळेत गेलो.

बाईंनी सगळं ऐकलं आणि ह्यांच्यावरच बरसल्या.

"अवो, पोर हाय का मशीन? चॉकलेट संपलं की शिकणं बी संपलं! घरी आवडीनं काय करती ती?"

"धाकट्या भावावर दादागिरी," मी म्हटलं.

"मग झालं की! दिवाळीपत्तुर थांबा. न्हाई जमलं तर मी सोता एसटीत बसवून देते तिला."

बाईंकडे सगळ्यांना एकच औषध नसायचं. बडबड्या प्रणवला त्या वर्गापुढे उभं करून पाढे म्हणायला लावायच्या. एकटं बसणाऱ्या आरतीला मोजायला चिंचोके द्यायच्या आणि तिच्याकडे बघायच्याही नाहीत.

सानिकाला पहिलीतली दोन पोरं दिली. "ह्यांना तू शिकव."

शिकवायचं तर आधी स्वतःला यायला हवं ना! घरी आल्या आल्या पाढे सुरू.

"आई, थांब गं, उद्या माझी मुलं विचारतील!"

माझी मुलं, म्हणे! डब्यातल्या चॉकलेटला मुंग्या लागल्या, हिला आठवणही नाही.

दिवाळीच्या आधीच मी बॅग रिकामी केली. ह्यांनीही गुपचूप बोर्ड उतरवला.

सानिका आता दहावीला आहे. माझ्यापेक्षा उंच झालीय. मोबाइलवरून, डब्यातल्या भाजीवरून, कशावरूनही वाद घालते. डोकं उठवते नुसतं.

लातूरला पाठवली असती तर हे भांडण फोनवर झालं असतं.

बाई, माझी लेक तुम्ही माझ्याच घरात वाढू दिलीत.

पाया पडते. सुखानं जा.