दोन नक्षत्रं टळेपर्यंत

अण्णामामांचे माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत. महिन्यापूर्वी मामींनी ते गेल्याचं फोनवर कळवलं आणि रडता रडताच म्हणाल्या, "पेपरात चांगलं लिही हं, तूच लिहू शकतोस..." चांगलं जमणार नाही. खरं तेवढं लिहितो.

नवापूरला मी बारावी झालो तेव्हा आमच्या घरात कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. रेल्वेत असलेल्या मामांनी मला बडोद्याला आणलं, कारेलीबागेतल्या दोन खोल्यांत चार वर्षं ठेवलं, रोज शेजारी बसून अभ्यास करवून घेतला. इंजिनिअर झालो तो त्यांच्यामुळे. हे मी विसरू नये याची काळजीही त्यांनीच घेतली. माझ्या लग्नात ते सासऱ्यांना सांगत होते, "आणला तेव्हा याला रस्तासुद्धा ओलांडता येत नव्हता!" सगळे हसले. मीही हसलो...

चार वर्षांपूर्वी माझ्या बायकोला, मेधाला, जुळ्यांचे दिवस गेले. दोन्ही बाळं एकाच वारेवर पोसत होती. छत्तीस आठवडे भरले त्या सोमवारी सोनोग्राफीत एका बाळाला रक्त कमी जाताना दिसलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "भाई, हवे राह न जोवाय." आता थांबू नका, आजच सिझेरियन करा, असं त्यांनी कागदावरही लिहून दिलं. मी मामांना फोन केला. विचारायला नव्हे, फक्त कळवायला, असं अजून स्वतःला सांगतो.

तासाभरात ते पंचांग घेऊन दवाखान्यात हजर. "आज ज्येष्ठा, उद्या रात्रीपासून मूळ, ते बुधवारी रात्रीपर्यंत. ही दोन टळू देत. गुरुवारी सकाळी घ्या."

"मामा, डॉक्टर म्हणतात..."

"त्यांना कापायची घाईच असते. आणि तू इंजिनिअर झालास म्हणून नक्षत्रं तुला विचारून फिरतात का रे?"

"अहो, बोला ना काहीतरी," मेधा म्हणाली. मी पेन मागितलं. आमच्या जबाबदारीवर नेतो, अशी सही करून तिला घरी आणलं.

बुधवारी दुपारी एका बाजूची हालचाल थांबली. धावत नेलं. एक मुलगी रडली. दुसरी पोटातच गेली होती. मामा म्हणाले, "तिचं आयुष्यच तेवढं." त्यानंतर मी त्यांच्या दारात पाऊल ठेवलं नाही. नातेवाइकांनी कृतघ्न ठरवलं. ठरवोत.

पंधरवड्याने त्यांनी मुलीची पत्रिका करून पाठवली. ती मी या पत्रासोबत परत केली. उत्तर आलं नाही.

"ती. अण्णामामांस सा. न.
पत्रिका परत पाठवतो आहे. ही एकीचीच आहे. दुसरीचीही वेळ तुम्हीच ठरवली होती, तिची का केली नाहीत? डॉक्टरांचा कागद तुम्हाला कळत नव्हता. मला कळत होता, तुम्ही शिकवलंत म्हणूनच. तरी मी तुमच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. मेधाने मला माफ केलेलं नाही. मी तुम्हाला करणार नाही. घरी येऊ नका."