मोजणीतून वगळलेली केंद्रकं

मी स्वतःला हुशार समजते, यात लपवाछपवी कशाला? त्यामुळे जर्मनीत, हॅनोव्हरच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर एक सांगू लागला आणि माझे डोळे दुसरंच, तेव्हा कॉम्प्युटरच चुकतोय, हे मी ठरवून टाकलं होतं.

माकडाच्या किडनीच्या पेशींना हर्पिसचा, म्हणजे ओठावर पुटकुळ्या आणणाऱ्या विषाणूचा, संसर्ग झाला की त्यांची रचना कशी बदलते, हा माझ्या पीएचडीचा विषय. निरोगी पेशी फरशांसारख्या एकमेकींना लागून पसरलेल्या असतात. विषाणू शिरला की त्या गोल होतात, तळापासून सुटतात. केंद्रकाच्या मधोमध विषाणू ठाण मांडतो, पेशीचा स्वतःचा डीएनए कडेला रेटला जातो आणि केंद्रक फुगतं. हे मला रोज दिसत होतं. पण फोटोंतली केंद्रकं मोजणारा प्रोग्रॅम म्हणे, फुगलेलं काहीच नाही. गाईडबाईंनी शांतपणे बजावलं, शुक्रवारपर्यंत आकडे पटले नाहीत तर हे प्रकरण प्रबंधातून काढायचं. माझं दीड वर्षाचं काम! मला रडू आलं, आणि रागही.

मग मी पेन्सिलला टोक काढलं. बारामतीच्या कॉलेजात आमच्या प्रॅक्टिकलच्या मॅडम सीनियरच्या जर्नलवरून उतरवलेली आकृती सरळ फाडायच्या. दिसेल तेच काढा, असा त्यांचा खाक्या. शेजारच्या टेबलावरची जर्मन मैत्रीण हसली. हसू दे म्हटलं. मी फोटोंतलं एकेक केंद्रक कागदावर काढत गेले आणि प्रोग्रॅमच्या यादीशी ताडून पाहत गेले. माझ्या कागदावरची सगळ्यांत टम्म केंद्रकं यादीत नव्हतीच.

सेटिंग उघडलं. ठरावीक आकारापेक्षा मोठं काही दिसलं की कचरा समजून वगळायचं, अशी मर्यादा घातलेली होती. पहिल्याच महिन्यात, फक्त निरोगी पेशी पाहून, मोठ्या ऐटीत मीच ती घातली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुपचूप बदलली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. गुरुवारी दुपारी मी चित्रं गाईडबाईंसमोर ठेवली.

"प्रोग्रॅमला मी सांगितलं, तेच त्यानं केलं. चूक माझी आहे."

त्यांनी एकेक चित्र यादीशी ताडून पाहिलं. मग म्हणाल्या, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. "आता हेही लिही."

मर्यादा वाढवल्यावर आकडे पटले, प्रकरण राहिलं. त्यातली पहिली आकृती पेन्सिलची आहे. बाकी सगळं मी चार दिवसांत लिहून काढलं. मर्यादा मीच चुकीची घातली होती, हे एक वाक्य लिहायला मला आठवडा लागला.